चाफ्याचे नाव आणि चाफ्याचे कुळ

वैनगंगेकाठचा बालाघाटचा सखल मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात होता. १८५३ साली तिसरे रघूजी निवर्तले, त्यानंतर ते राज्य खालसा झाले आणि १८६७ साली बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. सीमा हलल्या, पण मराठी, हिंदी, पोवारी व गोंडी यांचा शेजार मोडला नाही. म्हणूनच तेथे एका घरचा झेंडू शेजारच्या घरी गेंदा होतो आणि पळसाला टेसू म्हणतात.

एका फुलाला दोन नावे असली तर फारसे बिघडत नाही. एकाच नावाखाली अनेक फुले नांदू लागली, म्हणजे मात्र ओळख अवघड होते. चाफा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, तर भुईचाफा हळदीचा आप्त. देवळापुढचा पांढरा देवचाफा तर मूळचा या देशाचाच नव्हे. तो अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आला. लोकांनी त्याचा सुगंध पाहून त्याला चाफा म्हटले आणि देवापाशी जागा दिली. लोकांचे हे वर्गीकरण गंधाचे व उपयोगाचे होते.

रचनेवरून वर्गीकरण करणाऱ्यांनाही लोकांच्या ज्ञानाचाच आधार घ्यावा लागला. डच अधिकारी व्हॅन रीड याचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या कामात रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. त्यांचे १६७५ चे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे. सोनचाफ्याचे चित्रही त्याच खंडात आहे. पुढे लिनिअसने या ग्रंथाचा उपयोग केला. १७५३ मध्ये त्याने देवचाफ्याच्या वंशाला प्लुमेरिया हे नाव कायम केले. ते फ्रेंच वनस्पतिज्ञ प्लुमिए याच्या स्मरणार्थ होते.

देवचाफ्याचे पान तोडले की पांढरा चीक येतो. त्याच्या पाच पाकळ्या पिळासारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. सोनचाफ्याला चीक नाही, पाकळ्या पुष्कळ आणि पान गळल्यावर डहाळीवर वलयाकार खूण राहते. ही लक्षणे पाहिली की देवचाफा कण्हेरीच्या कुळातला ठरतो. तगर आणि सदाफुलीही त्याच घरच्या.

हा भेद केवळ पंडितांच्या कौतुकाचा नाही. कण्हेर व पिवळी कण्हेर या दोन्ही हृदयाला घातक विष बाळगतात. पिवळीच्या बिया तर मुलांच्या हाती पडूच नयेत. आणि त्याच कुळातील, मूळच्या मादागास्करच्या सदाफुलीतून कॅनडातील नोबल व बिअर यांनी १९५८ साली विनब्लास्टीन हे द्रव्य वेगळे केले. काही कर्करोगांवर ते आजही वापरले जाते. तीही कच्ची खाण्याची वस्तू नव्हे. विष आणि औषध एकाच घरात नांदतात, ते असे.

तात्पर्य, अनोळखी फूल दिसले की प्रथम गावातले त्याचे नाव विचारावे. त्यात पिढ्यांचा अनुभव असतो. मग पान, चीक, पाकळ्या व पुंकेसर न्याहाळावेत. नावाने फुलाची ओळख होते. त्याचे कुळ मात्र पाहूनच कळते.