आद्य वाफइंजिने : सिम्युलेटरमधील पुनर्रचना

रेल्वे-सिम्युलेटर या संगणकीय खेळात भर म्हणून १८०४ ते १८६० या काळातील, मुख्यतः ब्रिटिश बनावटीची वाफेची इंजिने आकार, रंग, आवाज व चाल यांसह पुन्हा उभी करण्याचे काम. अशा भरीला खेळणारे ‘ॲड-ऑन’ म्हणतात. बोरीबंदर–ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी गाडी ओढणारी इंजिने याच घराण्यातली, त्यामुळे महाराष्ट्राच्या रेल्वे-इतिहासाशी या कामाचा थेट संबंध आहे.

खेळ : मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर व ऑस्ट्रेलियातील ऑरान कंपनीचा ट्रेन्झ हे दोन्ही खेळ २००१ मध्ये आले. पहिल्यात वाफेचे प्रमुख इंजिन १९२३ चे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ होते. त्याआधीचे शतक जवळजवळ रिकामे होते आणि ते भरण्याचे काम ॲड-ऑनकर्त्यांकडे आले. पहिल्या खेळासाठी तयार केलेली सामग्री वाचू शकणारी ‘ओपन रेल्स’ ही मुक्त प्रणाली नंतर आली. बॉयलर आणि वाफेचे गणित तीत अधिक बारकाईने केलेले आहे.

पुनर्रचनेची तारीख : या कामातला पहिला निर्णय तारखेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. जॉर्ज व रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ इंजिनाने ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथील इंजिनांची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याचे सिलिंडर तिरके, बरेच उंच बसवलेले होते. त्यानंतर दोन-एक वर्षांतच ते खाली आणून जवळपास आडवे केले गेले. ब्रिटनमध्ये जपून ठेवलेले मूळ इंजिन या बदललेल्या रूपात आहे. त्याची छायाचित्रे समोर ठेवून जो नमुना करील त्याच्या हातून रेनहिलचे रॉकेट होणार नाही. १९७९ मध्ये स्पर्धेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त चालती प्रतिकृती बांधली गेली. पहिल्या रूपासाठी तिचा आधार घेता येतो. तारीख न देता केलेला नमुना, मग त्याचा रंग कितीही देखणा असो, या क्षेत्रात अपुराच मानला पाहिजे.

आकडे : ओढीचे सूत्र सोपे आहे. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग, दट्ट्याची धाव, बॉयलरचा दाब व ०.८५ यांचा गुणाकार करून त्याला चालक चाकाच्या व्यासाने भागायचे. रॉकेटसाठी ८ इंच व्यास, १७ इंच धाव, चौरस इंचाला ५० पौंड दाब आणि ५६.५ इंचांचे चाक घेतले, तर उत्तर सुमारे ८१८ पौंड येते. एक चूक मात्र वारंवार होते. खेळाच्या माहिती-फाइलमध्ये चाकाची त्रिज्या भरायची असते, तर जुन्या कारखान्यांच्या तक्त्यांत व्यास दिलेला असतो. व्यासाचा आकडा तसाच उतरवला की इंजिनाची ओढ निम्मी होते. मग चढावर ते का अडते हे शोधण्यात कर्त्याच्या कितीतरी संध्याकाळी जातात, कारण चित्रात कुठेच काही चुकलेले दिसत नाही.

नसलेली साधने : आद्य इंजिन उभे करताना काय बसवायचे याहून काय काढून टाकायचे याची यादी मोठी असते. जीफारचा इंजेक्टर १८५८ चा. त्याआधी बॉयलरला पाणी देणारा पंप इंजिनाच्या चालत्या भागांवरच चाले, म्हणजे उभ्या इंजिनात पाणी भरता येत नसे. पाणी कमी झाले की ड्रायव्हर इंजिन यार्डात पुढेमागे फिरवून आणी. मूळ खेळात इंजेक्टरच्या कळा आहेत; त्या दाबून उभ्याउभ्या पाणी घेणारे १८३० चे इंजिन खोटे ठरते. वाफ कमी-जास्त काळ आत सोडण्याची सोय देणारी स्टीफन्सनची ‘लिंक मोशन’ यंत्रणा १८४२ ची. त्यापूर्वीच्या इंजिनाला रिव्हर्स दांड्याच्या मधल्या जागा देणे चूक. गाडीभर चालणारा ब्रेक नव्हता. टेंडरवरचा हातब्रेक आणि डब्यांवरचे गार्ड यांच्यावर भिस्त असे, म्हणून स्टेशन बरेच दूर असतानाच वाफ बंद करावी लागे. ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्परही नव्हते. खेळणाऱ्यांना या अडचणी आरंभी जाचतात, पण त्या काळचे इंजिन चालवणे म्हणजे काय होते ते त्यांतूनच कळते.

ध्वनी : मूळ आवाज उपलब्ध नाहीत, प्रतिकृतींवरून घेतात.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची इंजिने : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमारास १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन ३४ किमीवरील ठाण्याला निघाली. तीन इंजिने जोडली होती. साहिब, सिंध व सुलतान ही त्यांची नावे सर्वत्र सांगितली जातात. कोणते नाव कोणत्या इंजिनाचे, याविषयी एकवाक्यता नाही. कंपनीची पहिली आठ इंजिने लँकेशायरमधील व्हल्कन फाउंड्रीची, २-४-० चाकरचनेची, म्हणजे पुढे एक वाहक आस व मागे जोडलेले दोन चालक आस अशी होती. आठांपैकी एकही जपले गेले नाही. त्या पिढीचे भारतातील जपलेले इंजिन म्हणून ‘फेअरी क्वीन’ (१८५५) पाहतात, पण ते लीड्सचे आणि ईस्ट इंडियन रेल्वेचे. त्याचा रंग व घडण उचलून ठाण्याच्या गाडीला लावणे योग्य नव्हे. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) मध्ये आगगाडीचा वृत्तान्त आहे. गाडी लोकांना कशी दिसली हे त्यातून कळते, मापे मिळत नाहीत.

रुळांचाही प्रश्न आहे. खेळातील मूळ रूळ १४३५ मिमी अंतराचे असतात, तर मुंबईचे पहिल्यापासून १६७६ मिमीचे. इंजिन अचूक आणि चाके रुळांच्या बाहेर, असे होऊ नये म्हणून रूळही नव्याने घडवावे लागतात. पुढे बोरघाट (१८६३) दाखवायचा तर १:३७ चा चढ आणि खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवण्याचे स्टेशनही हवे. ते १९२९ पर्यंत होते.

जालना जिल्हा : मुंबईने पाहिलेले पहिल्या पिढीचे इंजिन जालन्याने पाहिले नाही. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाड–सिकंदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, तोही मीटरगेजचा. तोवर रॉकेटला सत्तर वर्षे उलटली होती. इंजेक्टर, दाबमापक, ड्रायव्हरचे छप्पर हे सर्व रूढ झालेले होते. म्हणून जालना, परतूर किंवा रांजणी स्टेशनात रॉकेटच्या घडणीचे इंजिन उभे करणे कालविपर्यास ठरेल. या मार्गाची पुनर्रचना करताना गेज ठरवले की तारखेचा अर्धा निर्णय होऊन जातो: १९९० च्या दशकातील रुंदीकरणाआधी छोटी लाइन, नंतर मोठी. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जालना–मुंबई वंदे भारतच्या शेजारी वाफेचे इंजिन एकाच रुळांवर दाखवता येत नाही. मीटरगेजच्या अखेरच्या काळातील वायपी (४-६-२) व वायजी (२-८-२) या वर्गांची इंजिने जमशेदपूरच्या टेल्कोतही बनली. मीटरगेजवर त्यांच्यात कोळसा मारलेली माणसे मराठवाड्यात आजही भेटतात. फावडे किती वेळाने मारायचे, शिट्टीची दोरी कशी ओढायची, चढाआधी पाणी किती ठेवायचे, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून घेता येते.