अंधेरीचा 'विसुद्धिमग्ग' आणि संपादनाचे शिक्षण

छापील ग्रंथ हाती आला म्हणजे तो कोणी, कोणत्या प्रतींवरून आणि कोणता पाठ ग्राह्य धरून सिद्ध केला, याचा विचार आपण सहसा करीत नाही. म्हणूनच भारतीय विद्या भवनाने १९४० साली अंधेरीहून देवनागरीत प्रसिद्ध केलेल्या 'विसुद्धिमग्गा'चा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो.

आचार्य बुद्धघोषांच्या या ग्रंथाचे संपादक धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) हे गोव्यातील साखवाळचे. सिंहलद्वीपातील विद्योदय परिवेणात, सुमंगल महास्थविरांपाशी त्यांनी पालीचे अध्ययन केले. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने 'विसुद्धिमग्गा'चे संपादन आरंभिले होते. परंतु १८९९ साली त्याचे निधन झाले आणि कार्य अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी १९१० साली कोसंबी हार्वर्ड विद्यापीठात गेले. हस्तलिखिते ताडून पाहणे, पाठभेदांची नोंद करणे, अवतरणांचे मूळ निकायांत शोधणे, असे ते चिकाटीचे काम होते. मात्र ग्रंथावर श्रेय कोणाच्या नावे द्यावे, या प्रश्नावर प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ साली ते परतले. त्यानंतरही ते अनेकदा तिकडे गेले. हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती अखेर १९५० साली निघाली, तेव्हा कोसंबी हयात नव्हते. तिच्या नामपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे, तर संस्करण तपासून सुधारणारे म्हणून कोसंबींचे नाव आहे. अंधेरीची देवनागरी आवृत्ती तिच्या दहा वर्षे आधीच भारतीय वाचकांच्या हाती आली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कोसंबींची विद्या त्यांच्यापाशीच थांबली नाही. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' व 'विसुद्धिमग्ग' यांचा तौलनिक अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला, आर. डी. वाडेकर यांच्यासह 'अट्ठसालिनी' संपादिली (१९४२). आणि १९५६ साली बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवरील इंग्रजी ग्रंथाचे संपादन केले. मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत एन. के. भागवत यांची 'निदानकथा' (१९३५) व वाडेकरांचा 'मिलिंदपञ्हो' (१९४०) निघाले. हार्वर्ड ग्रंथमालेचा एकेचाळिसावा खंड धर्मानंदांचा, तर बेचाळिसावा त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी व वि. वि. गोखले यांनी संपादिलेला आहे (१९५७).

संपादन ही अशी हातातून हाती जाणारी विद्या आहे. बाबासाहेबांचे पाली व्याकरण व शब्दकोश महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील सोळाव्या खंडात १९९८ साली प्रकाशित झाले, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर बेचाळीस वर्षांनी. हस्तलिखिते असूनही ती सिद्ध करणारे हात नसतील, तर समाज आपल्याच ठेव्यापासून वंचित राहतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा गौरव सार्थ व्हावयाचा असेल, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संपादनाचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले पाहिजे. विहारांशी निगडित नियतकालिकांनी त्यांना एखादे छोटे सुत्त द्यावे, दोन छापील प्रती ताडून पाहावयास लावाव्यात, अवतरणांची व मुद्रितांची तपासणी करवून घ्यावी, आणि अंक निघताना ज्याने जे काम केले त्याचे नाव त्यापुढे स्पष्ट छापावे, अशी आमची विनंती आहे.