ख्रिस्तपुराणाच्या नकला

२०२० साली टाळेबंदी आली. शाळांबरोबर धर्मग्रामातील आमचा इतिहासाचा वर्गही बंद झाला आणि मुलांना मोबाईलच्या पडद्यावरून शिकविण्याची वेळ आली. ग्रंथालयाला कुलूप होते. तेव्हा इंटरनेट अर्काइव्ह या संग्रहात छायाप्रतींच्या रूपाने उपलब्ध असलेला एक जुना ग्रंथ आम्ही वर्गासाठी निवडला. तो म्हणजे जोसेफ सालढाणा यांनी संपादिलेले व १९०७ साली मंगळूर येथे छापलेले, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'.

ही आवृत्ती रोमन लिपीत आहे. मुले कंटाळतील असे आम्हांस वाटले होते, घडले उलटेच. एकमेकांना मराठी निरोप रोमन अक्षरांत धाडण्याची त्यांना सवय. 'श'साठी एक्स आणि 'ण'साठी जोड एन, ही पोर्तुगीज वळणाची खूण कळताच ती ओव्या वाचू लागली. अडलेला शब्द पुष्कळदा घरातील आजीच सांगे.

मग प्रश्न आला : फादरांनी मराठी लिहिले, तर आपली लिपी का वापरली नाही? स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा त्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. पण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. अशा अक्षरांसाठी त्यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांकडे विनंती केली होती.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता : तो मूळ छापील ग्रंथ कोठे आहे? १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरीही भाविकांनी हाताने केलेल्या नकला टिकल्या, आणि अशा नकलांवरूनच सालढाणांनी आपली आवृत्ती सिद्ध केली. पुढे १९२०च्या दशकात लंडनमधील मार्सडेन संग्रहात जस्टिन अॅबट यांना एक देवनागरी हस्तलिखित आढळले. त्यात अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मग यांपैकी स्टीफन्सच्या हातचे शब्द कोणते? हा प्रश्न आम्ही मुलांवरच सोपविला. छापले आहे म्हणजे तेच मूळ, हा त्यांचा समज त्या दिवशी गळून पडला. आमच्या मते इतिहासाचे खरे शिक्षण येथूनच सुरू होते.

छायाप्रत ही आजच्या काळातील नक्कलच होय. आपल्या चर्चमधील स्नानसंस्काराच्या व विवाहांच्या जुन्या नोंदवह्यांना दमट हवा आणि वाळवी यांपासून धोका आहे. त्यांच्याही छायाप्रती वेळीच व्हावयास हव्यात. हयात माणसांच्या नोंदी मात्र सर्वांसमोर उघड होऊ नयेत, आणि छायाप्रत झाली म्हणून मूळ वही अडगळीत टाकू नये.

इतके करूनही एक काम उरतेच. ख्रिस्तपुराण छापखान्याने राखले नाही. ते वाचणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या घरांनी राखले. आपल्या नोंदवह्यांच्या छायाप्रती होतील, पण त्या उघडून वाचणारी मुले आपल्याच घरांत घडवावी लागतील.