जॉकीच्या अंगावरचा रंग नेमका कुणाचा असतो? घोड्यांच्या शर्यतीतल्या रंगीबेरंगी सदऱ्यांची गोष्ट

सुकापूरचा आमचा एक मित्र पहिल्यांदाच महालक्ष्मी रेसकोर्सला गेला. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग महालक्ष्मी. दुसऱ्या शर्यतीत पिवळ्या सदऱ्यातला जॉकी मागून मुसंडी मारून जिंकला आणि आमचा गडी त्याच्यावर फिदा झाला. चौथ्या शर्यतीत पुन्हा पिवळा सदरा दिसल्यावर याने त्यावर दोनशे रुपये लावले. पिवळा शेवटून दुसरा आला. घरी येईपर्यंत ग्रुपवर मेसेज पडला होता: "सेटिंग आहे सगळं, त्याच जॉकीने यावेळी मुद्दाम घोडा खेचला."

मंडळी, तो जॉकी 'तोच' नव्हता. दुसरी शर्यत जिंकणारा जॉकी चौथ्या शर्यतीतही धावत होता, पण निळ्या सदऱ्यात.

ही चूक नवख्या माणसाकडून हमखास होते. क्रिकेटमुळे आपल्याला सवय लागली आहे की जर्सी म्हणजे खेळाडूची टीम. इथे तसं नसतं. जॉकीच्या अंगावरचा रंग जॉकीचा नसतो आणि घोड्याचाही नसतो. तो घोड्याच्या मालकाचा असतो. एकाच मालकाचे दहा घोडे असतील तर दहाही घोड्यांवरचे जॉकी त्याच रंगात दिसतात. आणि एक जॉकी दिवसभरात सहा वेगवेगळ्या मालकांचे घोडे चालवत असेल तर तो सहा वेळा सदरा बदलतो. म्हणून जिंकलेला रंग पुढच्या शर्यतीत पुन्हा दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की त्याच मालकाचा दुसरा घोडा पळतोय.

रेसवाले या कपड्यांना 'सिल्क' किंवा नुसतं 'कलर्स' म्हणतात. पूर्वी ते खरोखर रेशमाचे असत. आता बहुतेक नायलॉन, पॉलिएस्टर किंवा अंगाला चिकटून बसणारं लायक्रा वापरतात, पण नाव जुनंच चालू आहे.

याची गरज काय पडली?

आपल्या पनवेल भागात बैलगाडा शर्यती पाहिलेल्यांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. तिथे माइकवरचा समालोचक मालकाचं नाव पुकारतो, बैलाचं नाव पुकारतो, आणि शौकीन मंडळी तर बैल शिंगांवरून आणि चालीवरून ओळखतात. रंग येतो तो जिंकल्यावर, गुलालाचा.

घोड्यांचं गणित वेगळं आहे. बारा-पंधरा घोडे एकाच वेळी, ताशी साधारण ६० किलोमीटर वेगाने, एकमेकांना खेटून पळत असतात. त्यातले निम्मे तरी तपकिरी. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, पाऊण किलोमीटरवर कुठला घोडा पुढे आहे हे घोड्याकडे बघून सांगणं अशक्य. खोगिराखालच्या कापडावर नंबर असतो, पण तो इतक्या लांबून वाचता येत नाही. दिसतो तो फक्त रंग.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये यावरून भांडणं होऊ लागली. कुणाचा घोडा पुढे होता, कुणी कुणाला आडवा गेला, यावर एकमत होईना. शेवटी १७६२ साली न्यूमार्केटच्या जॉकी क्लबने मालकांना सांगितलं की आपापला एक रंग ठरवा आणि तोच वापरा. पहिल्या यादीत १९ मालक होते, त्यात सात ड्यूक. त्यातल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी वाळक्या गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग घेतला. त्या घराण्याचे घोडे आजही त्याच रंगात पळतात.

त्याआधी रोमन साम्राज्यात रथांच्या शर्यतीतही रंग होते, पण ते संघांचे: लाल, पांढरा, निळा, हिरवा. त्या रंगांपायी लोक एवढे पेटायचे की इसवी सन ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला निळे आणि हिरवे समर्थक मिळून सम्राटाविरुद्ध उठले आणि त्या दंगलीत हजारो माणसं मेली. त्या मानाने आपल्या आयपीएलच्या फॅन्सची भांडणं फारच सौम्य म्हणायची!

रंग एकदा नोंदवला की तो त्या मालकाचा. त्याच भागात दुसऱ्याला तो घेता येत नाही. आता मालक हजारो आणि रंग मोजके, मग करायचं काय? तिथे नक्षी कामाला येते. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी मूळ रंग फक्त १८ आहेत. पण अंग, बाह्या आणि टोपी यांच्यावर ठरावीक नक्ष्या वेगवेगळ्या जुळवल्या की हजारो प्रकार तयार होतात. आडवे पट्टे, उभे पट्टे, ठिपके, चांदण्या, व्हीच्या आकाराची घडी, शंकरपाळ्यांसारखे चौकोन, जानव्यासारखा खांद्यावरून कमरेपर्यंत जाणारा तिरका पट्टा, खांद्यावरची बिल्ल्यासारखी पट्टी. आपल्याकडेही टर्फ क्लबकडे मालकाला रंग नोंदवावेच लागतात. घोडा चार-पाच जणांच्या भागीदारीत असेल तर त्यांपैकी एकाच्या नावावरचे रंग चालतात.

आणि एकाच मालकाचे दोन घोडे एकाच शर्यतीत असतील तर? सदरा तोच राहतो, टोपीचा रंग बदलतो. म्हणून मुरलेले रेसवाले आधी टोपी बघतात.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. भारतात घोड्यांच्या शर्यतीचं सर्वात मोठं नाव म्हणजे इंडियन डर्बी. २४०० मीटरची ही शर्यत महालक्ष्मीला १९४३ साली पहिल्यांदा झाली आणि ती जिंकली 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' नावाच्या घोडीने. मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. त्यांचे रंग घालून घोडीवर बसला होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी.

महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी इंग्लंडमध्ये २८ हजार गिनींना एक वर्षाचं शिंगरू विकत घेतलं. त्या काळातला तो विक्रमी भाव होता. शिंगराला आजोबांचं नाव दिलं: सयाजीराव. १९४७ साली, म्हणजे इकडे देश स्वतंत्र होत असताना, तिकडे 'सयाजीराव'ने आधी आयरिश डर्बी आणि मग इंग्लंडची मानाची सेंट लेजर जिंकली. वर बसला होता तोच ब्रिट. पुढच्या वर्षी महाराजांच्याच 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज जिंकली, पण त्यावर जॉकी होता चार्ली स्मर्क. घोडे वेगळे, देश वेगळा, जॉकी बदलला, पण रंग मात्र बडोद्याचेच. घराण्याचा झेंडा मिरवावा तसे हे रंग मिरवले जात. त्यात हौस किती आणि पैशांची उधळपट्टी किती, हा वाद तेव्हाही होता आणि आजही करता येईल.

दुसरं नाव आगाखानांचं. पुण्याचा आगाखान पॅलेस आपल्याला गांधीजींच्या स्थानबद्धतेमुळे आणि कस्तुरबांच्या समाधीमुळे माहीत असतो. तो १८९२ साली बांधणारे तिसरे आगाखान हे जगातल्या मोठ्या घोडेमालकांपैकी एक होते. त्यांचे रंग होते हिरवे आणि चॉकलेटी आडवे पट्टे. इंग्लंडची डर्बी त्यांनी १९३० साली 'ब्लेनहाइम'मुळे पहिल्यांदा जिंकली. गंमत म्हणजे त्या शर्यतीत त्यांचा दुसराही एक घोडा होता आणि लोकांचा भरवसा त्या दुसऱ्यावर जास्त होता!

त्यांचे नातू चौथे आगाखान यांचे रंग म्हणजे पूर्ण हिरवा सदरा आणि खांद्यावर लाल पट्टी. १९८१ साली याच रंगात 'शेरगर'ने डर्बी दहा लांबींनी जिंकली आणि तो रंग जगभर ओळखीचा झाला. इंग्लंडमध्ये काही रेसवाले हिरवा रंग अपशकुनी मानतात, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

लोकांच्या आवडत्या रंगांची यादी काढायची तर दुबईच्या शेख मोहम्मद यांच्या 'गोडॉल्फिन'चा गडद निळा नक्की येतो. ब्रिटिश राजघराण्याचा जांभळा सदरा, सोनेरी वेणी, लाल बाह्या आणि सोनेरी झालरीची काळी मखमली टोपी येते. १९७३ साली बेलमाँट स्टेक्स ३१ लांबींनी जिंकणाऱ्या अमेरिकेच्या 'सेक्रेटेरिएट'चे निळे-पांढरे चौकटे येतात. आमचं मत विचाराल तर शेरगरचा हिरवा-लाल. राजघराण्याचा सदरा जवळून भारी दिसतो, पण रंग ज्या कामासाठी आहेत ते काम साधा रंगच नीट करतो. चार रंग आणि तीन नक्ष्या एकत्र केलेला सदरा फोटोत छान दिसतो आणि मैदानाच्या पलीकडे नुसता करडा दिसतो.

याची सर्वात जास्त झळ समालोचकांना बसते. शर्यत सुरू होण्याआधी काही मिनिटांत त्यांना सगळे रंग पाठ करायचे असतात. अनेक जण स्केचपेनने छोटे सदरे कागदावर रंगवून घेतात, आणि पुढची शर्यत आली की पाटी पुसून नवे रंग पाठ. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात असतो. चिखल उडाला की मागच्या घोड्यांवरचे सगळे सदरे एकाच रंगाचे होतात. मग टोपी दिसली तर नशीब.

परत मित्राच्या दोनशे रुपयांकडे येऊ. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉ. के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. घोड्याची मूळ कुवत, त्याला मिळालेलं प्रशिक्षण, जॉकीचं कसब, या गोष्टी तिथे निकाल ठरवतात असा त्यामागचा विचार. सदऱ्याचा रंग त्यात कुठेच नाही. त्यामुळे सोशल मीडियावर कुणी 'आज लाल रंग चालतोय' अशी टिप देत असेल तर ती बिनधास्त दुर्लक्षित करा. क्लबचा टोट किंवा परवाना असलेला बुकी सोडून बाहेर कुणाकडे पैसे लावणं तर बेकायदेशीरच आहे.

नुसती शर्यत बघायला जाणार असाल तर गेटजवळ रेसबुक घ्या. मुंबई-पुण्याचे जुने लोक त्यातल्या एका पुस्तकाला 'कोल' म्हणतात. प्रत्येक घोड्यापुढे नंबर, मालक, ट्रेनर, जॉकी आणि वजन दिलेलं असतं, आणि रंगही लिहिलेले असतात: आधी सदरा, मग बाह्या, शेवटी टोपी. जॉकी आवडला असेल तर रंग सोडा, त्याचं नाव शोधा. आणि शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात तेव्हा एकदा जवळून बघून घ्या. तिथे नंबरही दिसतो, टोपीही दिसते आणि घोडाही.