दूध, औषध आणि रजा

बाळंतिणीला दूध पुरेनासे झाले म्हणजे घरात पहिला शब्द निघतो तो औषधाचा. कोणी शतावरी सुचवतो, कोणी अळिवाची खीर, आणि हल्ली कोणी गोळीही सुचवतो. आम्ही वैद्य नाही, डॉक्टरही नाही. आमचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. ते ज्याचे काम त्यालाच विचारावे. आम्हांला सांगायचा आहे तो या औषधांचा इतिहास, आणि त्यातून कामकरी माणसाने घ्यावयाचा धडा.

हा शोध फार जुना आहे. चरकसंहितेत दूध उत्पन्न करणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गणच दिलेला आहे. वाळा, साळी, दर्भ, कुश, काश अशा तृणांच्या मुळ्या त्यात आहेत. आज घरोघर जिचे नाव निघते ती शतावरी त्या दहांत नाही; ती सुश्रुताच्या यादीत सापडते. पण सुश्रुताने शतावरीहून मोलाची गोष्ट लिहून ठेवली आहे. दूध आटते ते क्रोधाने, शोकाने आणि वात्सल्याच्या अभावाने, असे तो म्हणतो. उपाय सांगतानाही आधी बाईचे मन प्रसन्न करावे असे सांगतो, आणि मग जव, गहू, तांदूळ, मांसरस, लसूण, शतावरी यांच्याकडे वळतो. म्हणजे स्वस्थ मन आधी, पोटभर अन्न मागाहून, आणि औषधी मुळी त्या अन्नाच्याच पंगतीत.

आपल्याकडची बाळंतिणीची खोली याच धर्तीवर उभी होती. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, शेकशेगडी आणि सव्वा महिन्याची विश्रांती. दूध उतरले की यश अळिवाच्या पदरी पडे. परंतु अळिवाबरोबर त्या बाईला आणखी दोन गोष्टी मिळत होत्या : निजायला जागा, आणि रात्रंदिवस कुशीत असलेले मूल. त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही, कारण त्या विकत आणाव्या लागत नव्हत्या.

गिरणीत काम करणाऱ्या बाईला मात्र त्या दोन्ही विकत मिळत नव्हत्या. ती पाळीवर गेली की दूध तिच्या अंगावर आणि मूल खोलीवर. मग मुलाने रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणीकामगार बायकांची पाहणी केली. तिचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. या बायकांच्या शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. त्या आया निर्दय नव्हत्या. मुलाला दूध द्यायला वेळ नव्हता, म्हणून औषध दिले जात होते.

यावर खरा उपाय कोणता, हे तेव्हाही माहीत होते. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात दोनदा अर्धा-अर्धा तास मिळावा असे त्यात घातले. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात असवले यांच्या प्रसूतिविषयक विधेयकाची चर्चा झाली. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे सांगून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या कायद्याने सबंध देशासाठी बारा आठवड्यांची भरपगारी रजा आली, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या आल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघराची सक्ती झाली.

इकडे कायदा पुढे सरकत होता, तशी प्रयोगशाळाही थांबली नव्हती. १९२८ सालीच स्ट्रासबर्ग येथे मेंदूखालच्या एका लहानशा ग्रंथीच्या अर्काने जनावरात दूध उतरते असे दिसून आले. १९३३ साली अमेरिकेत रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांवर प्रयोग करून त्यातील द्रव्याला ‘प्रोलॅक्टिन’ हे नाव दिले. माणसातील प्रोलॅक्टिन वेगळे ओळखता आले ते १९७० च्या सुमारास. मेंदूतील डोपामाइन हे द्रव्य प्रोलॅक्टिनला लगाम घालते. तो लगाम सैल केला की प्रोलॅक्टिन वाढते. १९६४ चे मेटोक्लोप्रामाइड आणि १९७४ चे डोम्पेरिडोन ही औषधे नेमके हेच करतात. दोन्ही निघाली होती ओकारी थांबवण्यासाठी. दूध वाढणे हा त्यांचा आडपरिणाम. त्या आडपरिणामालाच पुढे उपचाराचे रूप आले.

हा उपचार निव्वळ भ्रम आहे असे आम्ही म्हणणार नाही. अपुऱ्या दिवसांचे मूल दवाखान्यात असते आणि आई दूध काढून पाठवते, अशा आयांवर झालेल्या पाच प्रयोगांचा आढावा २०१८ साली निघाला. डोम्पेरिडोनने त्यांचे दूध दिवसाला सरासरी सुमारे ९० मिलिलिटरने वाढल्याचे त्यात आढळले. एवढ्याशा जिवाला ते थोडे नव्हे. पण दुसरी बाजूही आहे. हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होण्याच्या भीतीने अमेरिकेच्या औषध खात्याने २००४ साली या वापराविरुद्ध इशारा दिला, आणि २०१४ साली युरोपात हे औषध मळमळ-ओकारीपुरते मर्यादित करण्यात आले. मेटोक्लोप्रामाइडने खिन्नता येऊ शकते, आणि ओल्या बाळंतिणीला ती आधीच घेरू पाहते. शिवाय शरीराचा एक नियम कोणतीही गोळी बदलू शकत नाही. दूध जितके ओढले जाईल तितके तयार होते. साचून राहिले की आतला कारखाना मंदावतो. मूल हाच या कारखान्याचा खरा मुकादम.

आमच्या युनियनच्या कचेरीत एका पॅकिंगच्या कारखान्यातील बायका आल्या होत्या. कामावर परतल्यापासून दूध आटले, ही त्यांची तक्रार. कोणी शतावरीची भुकटी घेत होती, कोणी मेथी, एक जण दुकानातून परस्पर आणलेली गोळी. आम्ही एवढेच विचारले, की पाळीत दूध पाजता येते काय, निदान काढता तरी येते काय? पाळणाघर कागदावर होते. संडासाला जायलाही मुकादमाची परवानगी लागत होती. नऊ तास जे दूध कोणी ओढलेच नाही, ते भुकटीने कोठून यावे? आम्ही गोळीवालीला डॉक्टरांकडे पाठवले आणि मागणीपत्रात पहिले कलम पाळणाघराचे घातले. ते उघडायला चौदा महिने लागले. तोवर त्यांतल्या बहुतेकींची मुले वरच्या दुधावर गेली होती.

शंभर वर्षांचा हा हिशेब आम्ही असा वाचतो. पूर्वी वेळेच्या अभावी औषध मुलाला दिले; आता ते आईला देतात. अफू आणि शतावरी यांची बरोबरी कोणी करणार नाही, आम्हीही करत नाही. ज्या बाईला खरोखर उपचाराची गरज आहे तिला तो जाणत्या हातून अवश्य मिळावा. पण बाईचे दूध आटले असे कोणी सांगितले तर औषधाचे नाव काढण्यापूर्वी तिला तीन प्रश्न विचारा : जेवतेस काय, निजतेस काय, आणि मूल तुझ्यापाशी किती तास असते? या तिहींची उत्तरे वैद्याच्या बटव्यात नाहीत. ती घरच्या माणसांच्या वागण्यात आहेत, मालकाच्या हजेरीपटात आहेत, आणि आपल्या संघटनेच्या बळात आहेत.