आळ्याचा रेडा आणि आमचा मोत्या

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढलात की पुढे आळेफाटा लागतो. तिथून जवळच, आळे गावात, एका रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा, असं परंपरा सांगते. आळंदीला परतताना तो इथे गेला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली.

चमत्कार इतिहासाला सिद्ध करता येत नाही. पण समाधी समोर आहे, लोक आजही तिथे हात जोडतात. एका जनावराचं मरण विसरायचं नाही, एवढं इथल्या माणसांनी ठरवलं.

परलोकाची शंकाही जुनीच. १४व्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकांचा सवाल नोंदलाय: यज्ञात मारलेला पशू स्वर्गात जात असेल, तर यजमान आपल्या बापालाच का बळी देत नाही? महाभारतातल्या युधिष्ठिरासमोर तर स्वर्गाचा रथच उभा होता. बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला सोडून तो चढायला तयार झाला नाही.

आता घरचं सांगतो. डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, आमचा मोत्या १४ वर्षं राहिला. गेला तेव्हा धाकटीनं विचारलं, “बाबा, आता तो कुठे असेल?” ‘देवाघरी’ म्हणायला जीभ रेटेना. “माहीत नाही गं,” म्हटलं, “पण दाराजवळची त्याची जागा तशीच ठेवू.”

साखळी अजून खिळ्याला आहे. आळ्याच्या लोकांनी तरी वेगळं काय केलं?