जनरल थोरातांचा सल्ला

गेल्या वर्षी मंडपात प्रश्नमंजूषा झाली, तेव्हा जनरल तिम्मय्यांचे नाव मुलांनी झटकन सांगितले. कोडगूचे तिम्मय्या आपल्या राज्याचेच, शाळेच्या पुस्तकात असतात. पण त्यांचे रणांगणावरचे सोबती लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात कोण, हे एकालाही सांगता आले नाही. मोठ्यांपैकीही दोघा-तिघांनीच मान डोलावली. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही मागून घेतला.

थोरात कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे. जन्म 1906 चा. आपण बेळगाव, निपाणी करत पुण्याला जातो त्या वाटेपासून हे गाव फार लांब नाही. विलायतेत सँडहर्स्टला शिकून 1926 साली ते अधिकारी झाले. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉची लढाई झाली. तेथे एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींवर हिंदी अधिकारी होते : तिम्मय्या, थोरात आणि एल. पी. सेन. इंग्रजी अमदानीत ही साधी गोष्ट नव्हती. तिघांनाही डी.एस.ओ. हा किताब मिळाला. सेन हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

कोरियाचे युद्ध 1953 मध्ये थांबले. मायदेशी परतायला तयार नसलेल्या चिनी व कोरियन कैद्यांचा सांभाळ भारताकडे आला. हे सुमारे साडेबावीस हजार लोक. त्यांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष तिम्मय्या आणि राखणदार भारतीय फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही आपल्या भूमीवर भारतीय सैनिकाचे पाऊलही पडू देईनात, तेव्हा जवानांना हेलिकॉप्टरने छावणीपर्यंत न्यावे लागले. सप्टेंबरात कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाच्या आत ओढून नेले. थोरात स्वतः आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि गोळी न झाडता आपल्या माणसाला घेऊन बाहेर आले. या कामगिरीसाठी मिळालेल्या पदकाला आज कीर्तिचक्र म्हणतात.

पण आमच्या मते त्यांची खरी परीक्षा पुढेच झाली. 1957 ते 1961 ते लखनौला पूर्व विभागाचे सेनापती होते. चीनची सीमा त्यांच्याच ताब्यात. 8 ऑक्टोबर 1959 रोजी त्यांनी ईशान्य सीमेच्या बचावाची योजना लिहून वर पाठवली. म्हणणे सरळ होते. थेट सीमारेषेवर मोठी फौज बसवू नका; तिथवर रस्ते नाहीत, रसद पोचणार नाही. पुढे फक्त टेहळणीची ठाणी असावीत. मुख्य बचाव मागे, आपले रस्ते पोचतात आणि शत्रू थकून, रसदीपासून तुटून येईल अशा जागी करावा. मार्च 1960 मध्ये ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी सेनाप्रमुख व वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे हे नकाशावर मांडले. अपुऱ्या फौजेने कोणते ठाणे केव्हा पडेल, याचा हिशेबही दिला.

सेनाप्रमुख तिम्मय्यांना योजना पटली. त्यांनी ती संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे पाठवली, आणि तिथे ती थांबली. चीन हल्ला करेल असे मेनन यांना वाटत नव्हते. थोरात उगाच भीती घालतात, असे त्यांचे मत. आम्ही सरकारी नोकरीत बरीच वर्षे काढली आहेत. वर गेलेली नोट खाली येत नाही म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. फक्त आमच्या फाईलने कुणाचा जीव जात नाही.

तिम्मय्यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली होती, पण नेमणूक थापर यांची झाली. मे 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले. पूर्व विभागावर त्यांच्या जागी आले कांगॉचे जुने सोबती सेन. थोरातांनी जे करू नका म्हटले होते नेमके तेच पुढे झाले : तुटपुंज्या तुकड्या सीमेला भिडवल्या गेल्या. 20 ऑक्टोबर 1962 रोजी हल्ला झाला आणि महिन्याभरात बोमडिला पडले. थोरातांनी वर्तवलेला क्रम बराचसा खरा ठरला.

युद्ध चालू असताना नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले. थोरातांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्रात ही भेट लिहिली आहे. कागद पाहून, हे मला आधी का दाखवले नाही, असे पंतप्रधानांनी विचारले. त्याचे उत्तर मेनन यांनाच विचारावे लागेल, असे थोरात म्हणाले. लवकरच मेनन गेले आणि त्यांच्या जागी आपले यशवंतराव आले.

काहींना वाटते, थोरातांनी तेव्हाच राजीनामा फेकून गाजावाजा करायला हवा होता. आम्हाला तसे वाटत नाही. शिपायाने सल्ला लेखी द्यावा, दोनदा द्यावा, सराव घेऊन पटवून द्यावा. ते सारे त्यांनी केले होते. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. सरकारी नोकरीसाठी मुलाखतीला आलेल्या किती मराठी तरुणांना, समोर बसलेला माणूस कोरियाच्या छावणीत स्वतः शिरला होता हे ठाऊक असेल कोण जाणे! थोरात 1992 साली वारले. यंदाच्या प्रश्नमंजूषेत त्यांच्यावर दोन प्रश्न आम्ही घातले आहेत. कोणते ते मात्र मंडपातच कळेल.